महारेराच्या (राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाच्या) एजंट परीक्षेच्या दिवशी नेमकं काय होतं? वय ५२ आहे, कॉम्प्युटरची सवय नाही. काय न्यावं लागतं?

पास व्हाल, ती काळजी सोडा. शंभरपैकी चाळीस लागतात, दिलेल्या पर्यायांतलं एक उत्तर निवडायचं असतं, आणि वीस तासांच्या ट्रेनिंगला जो नुसता हजेरीपुरता बसला नाही त्याला ते जड जात नाही. कॉम्प्युटरचंही फार मनावर घेऊ नका. नंबर आणि पासवर्ड टाकून आत शिरलं की पुढे सगळं माउसवर. मी चोपन्नाव्या वर्षी दिली, आणि तोवर माझा कॉम्प्युटरशी संबंध मुलाच्या टेबलावरची धूळ पुसण्यापुरता होता.

"काय न्यावं" हे मात्र तुम्ही शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलंय. माझी खरी परीक्षा तिथेच झाली.

आमचं ऑफिस डोंबिवली पूर्वेला, २००६ पासून. ऑफिस म्हणजे गाळा, दोन टेबलं, आणि बाहेर भावजींच्या नावाचा बोर्ड. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी चाव्या सांभाळायचे, फ्लॅट दाखवायला जायचे, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून एनओसी काढून आणायचे, रजिस्ट्रेशनला साक्षीदार म्हणून उभी राहायचे. व्यवहार मीच जुळवून आणलेला असला तरी टोकन घ्यायला भावजी खुर्चीवर. कार्डावर माझं नाव नव्हतं. "वहिनी मदत करतात" असं ते लोकांना सांगत. सतरा वर्षं मदत!

मग जानेवारी २०२३ मध्ये महारेराचा आदेश आला की एजंटने ट्रेनिंग घेऊन परीक्षा द्यायची. फक्त बोर्डावरच्या माणसाने नाही, त्याच्या हाताखाली गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्यानेही, आणि बिल्डरच्या सेल्स ऑफिसात बसणाऱ्यानेही. भावजींनी एका संध्याकाळी दोघांचे फॉर्म भरून टाकले. माझं नाव त्यांनी पॅनवरून घेतलं, कारण टीडीएसच्या कागदांसाठी पॅनची कॉपी त्यांच्याच फाइलला होती. माझं पॅन माहेरच्या नावाचं. ते बदलायचं म्हणता म्हणता राहिलं ते राहिलंच.

सेंटर आलं रबाळेला. मी ठाण्याला गाडी बदलून दीड तास आधी पोचले. रविवार होता, एमआयडीसीचा रस्ता ओस. गेटवर सिक्युरिटीच्या मुलाने हॉल तिकीट बघितलं, आधार बघितलं, परत हॉल तिकीट बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, आडनाव वेगळं आहे." तेवढंच. मला बाजूला उभं केलं.

मला घाम फुटला तो परीक्षेच्या भीतीने नाही, लाजेने. सतरा वर्षं मी गिऱ्हाइकांना बजावत आलेय, नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी सब-रजिस्ट्रारच्या दारातून परत यावं लागेल, आदल्या दिवशी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि मी स्वतः हॉल तिकिटावर फक्त तारीख आणि पत्ता वाचला होता.

मग आठवलं. साक्षीदाराला कधीही उभं राहावं लागतं म्हणून माझं ओरिजिनल पॅन कायम पर्सच्या आतल्या चेनमध्ये असतं. ते काढलं. मुलगा म्हणाला, "हे चालेल, पण झेरॉक्स लागेल, ती जमा करायची असते." रविवारी सकाळी एमआयडीसीत झेरॉक्स! रिक्षा करून स्टेशनकडे परत आले. एका दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि आत मालक केर काढत होता. म्हणाला, मशीन गरम व्हायला दहा मिनिटं लागतील. ती दहा मिनिटं मी त्याच्या स्टुलावर बसून मशीनचा हिरवा दिवा लागायची वाट बघितली. झेरॉक्सचे पाच रुपये झाले, रिक्षाचे जाऊन-येऊन ऐंशी. गेट बंद व्हायला बारा मिनिटं असताना आत शिरले.

तेव्हा उत्तर हे: हॉल तिकिटाची प्रिंट, त्यावर जे नाव आहे तेच नाव असलेलं ओरिजिनल ओळखपत्र, आणि त्याच्या दोन झेरॉक्स. मोबाईलमधला फोटो चालत नाही, मोबाईलच बाहेर ठेवावा लागतो. घड्याळही. लग्न झालेल्या बायकांनी तर हे दोनदा वाचा. आपली कागदोपत्री नावं दोन-तीन असतात आणि फॉर्म भरणारा पुरुष त्यातलं हाताला येईल ते टाकतो.

आत गेल्यावर फोटो काढतात आणि अंगठा घेतात. माझा अंगठा लागेना. तीनदा ठेवला, तीनदा लाल. भांडी घासून आणि कोथिंबीर निवडून रेषा गेलेल्या असतात. मशीनवरची मुलगी कंटाळून ओला टिश्यू शोधायला लागली. मी तिला म्हटलं, थांब गं. अंगठा कपाळावरून घेतला, भांगाजवळच्या केसांत दोनदा फिरवला आणि ठेवला. लागला. ती बघतच राहिली. रजिस्ट्रेशनला येणाऱ्या आजी-आजोबांचे अंगठे मी असेच लावून घेतलेत, कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी दस्तांवर. ही युक्ती ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवत नाही.

हॉलमध्ये एसी चांगलाच असतो, साधी ओढणी असू द्या. पेन आणि एक कोरा कागद तिथेच देतात. स्क्रीनवर एका बाजूला प्रश्नांचे नंबर, वर वेळ उलटी पळत असते. उत्तर दिलं की तो नंबर हिरवा होतो, उघडून सोडून दिलं की लाल. पुन्हा बघायचं म्हणून खूण केलेला जांभळा. उत्तर निवडलंत की सेव्हचं बटण दाबायचं, नुसतं गोलात टिंब आलं म्हणजे उत्तर गेलं असं नाही. सुरुवातीच्या सूचना वगळून पुढे जाऊ नका, त्यात हे सगळं असतं. माझ्या शेजारी एक पंचविशीचा मुलगा खटाखट संपवून बसला होता. त्याच्याकडे बघायचं नाही.

आता मराठी माध्यमाबद्दल, कारण तुम्ही मराठीच घेणार. घ्या जरूर, पण आपण जी मराठी बोलतो ती तिथे नसते. बिल्डर म्हणजे "प्रवर्तक". तुम्ही-आम्ही "स्थावर संपदा अभिकर्ता". गिऱ्हाईक "वाटपग्राही". हे ट्रेनिंगला कानावर पडलेलं असतं. पण एका प्रश्नात "चटई क्षेत्र" आलं आणि मी अडले. आमच्या डोक्यात चटई क्षेत्र म्हटलं की निर्देशांक, म्हणजे एफएसआय, प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण. दोनदा वाचूनही प्रश्नाचा एफएसआयशी मेळ बसेना. मग भाषा बदलायचा पर्याय दिसला, इंग्रजी केलं, तर साधं कार्पेट एरिया! भाषा बदलून बघता येते हे लक्षात ठेवा.

आणि तो प्रश्न नेमका काय होता? फ्लॅटची स्वतंत्र बाल्कनी कार्पेटमध्ये धरायची का?

हसू आलं मला. मोठ्याने आलं असतं तर बाहेर काढलं असतं.

झालं होतं असं की २०१९ मध्ये एका नव्या प्रोजेक्टमधला वन बीएचके आम्ही दाखवत होतो. पत्रकात भावजींनी "कार्पेट ५९०" छापलं होतं. एक निवृत्त शिक्षक आले, सोबत मुलगी आणि खिशात स्टीलची टेप. मी टेपचं टोक धरलं, त्यांनी आकडे वहीत लिहिले. खोल्या मोजून झाल्यावर ते म्हणाले, "बाई, पाचशे अठ्ठेचाळीस होतात." उरलेले बेचाळीस बाल्कनीचे होते. चौरस फुटाला त्या वेळच्या साडेसात हजारांच्या भावाने ते तीन लाख पंधरा हजार रुपये. मी ऑफिसात येऊन म्हटलं, भावजी, रेरात बाल्कनी धरत नाहीत, पत्रक बदला. समोर ते मास्तर, त्यांची मुलगी आणि आमच्याकडे कामाला असलेला पोरगा. भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही चाव्या बघा, कायदा मी बघतो."

मास्तरांनी फ्लॅट घेतला नाही. ते जाऊ दे. ते वाक्य मात्र गेलं नाही.

कायदा असा आहे, आणि तुम्हाला तो परीक्षेतही लागेल: कार्पेट म्हणजे फ्लॅटच्या आतली वापरता येण्यासारखी जागा. आतल्या पार्टिशनच्या भिंती त्यात धरायच्या. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी किंवा व्हरांडा, उघडी टेरेस हे धरायचं नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येतच आहे. बाल्कनीचे पैसे बिल्डर एकूण किमतीत लावेल, तो त्याचा धंदा. पण पत्रकात कार्पेट म्हणून जो आकडा लिहिता त्यात बाल्कनी घुसवायची नाही. सुपर बिल्टअपची, म्हणजे जिना-लॉबीसकट जागा मोजायची, सवय लागलेल्या जुन्या एजंटांनी हे पाठ करा, आणि पाठ करून वागा पण. करारात आकडा चौरस मीटरमध्ये असतो, चौरस फुटांसाठी १०.७६४ ने गुणा.

बाकी काय वाचायचं? ट्रेनिंगच्या पुस्तकातलं तेच ते. करार रजिस्टर केल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के बिल्डरने वेगळ्या खात्यात ठेवायचे. ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी प्रवर्तकाची. रजिस्टर न झालेला प्रोजेक्ट एजंटने विकायचा नाही. एवढं पक्कं असलं तर पास होणं कठीण नाही. प्रश्न अनुभवी माणसाला फसवतात ते एवढ्यासाठीच की आपण "बाजारात काय चालतं" ते उत्तर देतो. बाजारात काय चालतं ते बाहेर ठेवून जा, मोबाईलसारखं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मी २०२३ च्या अखेरीस परीक्षा दिली, त्यामुळे तुमच्या हॉल तिकिटावर जे लिहिलंय ते माझ्या बोलण्यापेक्षा मोठं. तुम्ही फक्त भाड्याची कामं करत असाल तर ही परीक्षा तुम्हाला लागतच नाही, उगाच रविवार घालवू नका. आणि परीक्षा टाळून दुसऱ्याच्या नोंदणी नंबरवर काम करण्याचा सल्ला कोणी देत असेल तर ऐकू नका. १ जानेवारी २०२४ ही मुदत होती. ती उलटल्यावर त्याच महिन्यात महारेराने सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी स्थगित केली, आणि आमच्या लाइनीतले दोन गाळे तेव्हा हवालदिल झाले होते.

अजून एक, कारण अर्धंच सांगणं बरं नाही. भावजीही पहिल्याच फटक्यात पास झाले. माझ्या आधीच्या बॅचला. मी रबाळ्याहून परत आल्यावर मुद्दाम विचारलं, तुम्हाला बाल्कनीचा प्रश्न आला होता का? म्हणाले, "आला होता की. बरोबर लिहिला." मग पत्रकात का नाही लिहीत? म्हणाले, "वहिनी, ते परीक्षेपुरतं."

आता बोर्डावर दोन नंबर आहेत, आणि टेप माझ्या पर्समध्ये. पत्रक छापायला जायच्या आधी माझ्या टेबलावरून जातं. कधी कधी अजूनही आवाज चढतात.

तुमचं हॉल तिकीट आलं असेल तर आत्ता उठा आणि आधारशेजारी ठेवून नाव वाचा. अक्षर अक्षर.