वाचकांचे प्रश्न : जॅममधली लवंग कधी काढावी?

प्रश्न : मी एक किलो नासपतीचा जॅम केला आणि सुरुवातीलाच त्यात लवंग व दालचिनीची पूड घातली. तासभर शिजवूनही जॅम पातळच राहिला, रंग काळपट झाला आणि चव कडसर लागते. चूक मसाल्याची की शिजवण्याची?

उत्तर : दोन्हींची, आणि एका चुकीतून दुसरी वाढली आहे. जॅम घट्ट होण्यासाठी फळातले पेक्टिन (म्हणजे रस गोठवणारा नैसर्गिक घटक), आम्ल आणि साखर या तिघांचा मेळ बसावा लागतो. नासपतीत पेक्टिन आणि आम्ल दोन्ही कमी असते, म्हणून तो लवकर घट्ट होईना. तुम्ही तो शिजवत राहिलात, आणि फार वेळ उकळल्याने होते तेवढे पेक्टिनही मोडत गेले. त्या संपूर्ण तासात मसाल्याची पूड भांड्यातच होती. पूड घालण्याचा मोह मला समजतो, कारण तिचा वास लगेच दरवळतो. पण एकदा घातलेली पूड बाहेर काढता येत नाही, आणि लवंगेचा अंश जास्त उतरला की तिचा सुगंध मागे पडून कडवटपणा पुढे येतो.

पुढच्या वेळी पाव ते एक तृतीयांश नासपतींऐवजी आंबट सफरचंदे घ्यावीत आणि एकूण एक किलो फळाला दोन लिंबांचा रस घालावा. सफरचंदाची साले व मधला गाभा यांत पेक्टिन भरपूर असते, म्हणून ते फेकून न देता मलमलच्या कापडात बांधावे. मसाला मात्र वेगळ्या पुरचुंडीत आणि अख्खाच असावा : तीन-चार लवंगा, बोटभर लांबीचा दालचिनीचा तुकडा आणि आवडत असल्यास एक चक्रीफूल. साखर घालण्यापूर्वी फळ थोड्या पाण्यात मऊ शिजवावे लागते, कारण साखर आधी पडल्यास फोडी चिवट राहतात. हाच मसाल्याचा खरा वेळ आहे. दर पाच मिनिटांनी चव घ्यावी, आणि साखरेने स्वाद सौम्य होणार हे लक्षात ठेवून तो किंचित ठसठशीत वाटताच मसाल्याची पुरचुंडी काढून टाकावी. फळ मऊ झाले की सालांची पुरचुंडीही नीट पिळून काढावी.

मग ७५० ग्रॅम साखर मंद आचेवर पूर्ण विरघळू द्यावी आणि त्यानंतरच आच मोठी करावी. समुद्रसपाटीला १०४ ते १०५ अंश सेल्सिअसला जॅम तयार होतो. उंचीवर पाणीच कमी तापमानाला उकळत असल्याने दर ३०० मीटरला साधारण एक अंश वजा करावा. तापमापक नसल्यास फ्रीजरमध्ये थंड केलेल्या बशीवर थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकलून पाहावा. पृष्ठभागावर सुरकुती पडली की आच लगेच बंद करावी.

आता झालेल्या जॅमविषयी : त्यातला कडवटपणा निघणार नाही, पण बिनमसाल्याच्या नव्या जॅममध्ये तो थोडा थोडा मिसळून सौम्य करता येईल.

प्रश्न : साखर निम्मी केली तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण तो वेगळा पदार्थ होईल. तयार जॅममध्ये साधारण ६५ टक्के साखर असते, आणि ती पाणी धरून ठेवते म्हणूनच बुरशी व जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. निम्म्या साखरेचा जॅम सैल राहतो. तो लहान बरण्यांत भरून थेट फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन आठवड्यांत संपवावा. त्यात मसाला नेहमीपेक्षा कमी घालावा, कारण त्याची तीव्रता झाकायला गोडी अपुरी पडते.

प्रश्न : वर आलेली बुरशी काढून खालचा जॅम खाता येईल का?

उत्तर : नाही, संपूर्ण बरणी टाकून द्यावी. डोळ्यांना दिसते त्यापेक्षा बुरशी खोल गेलेली असू शकते, आणि तिच्या काही जाती विषारी द्रव्ये तयार करतात. काचेच्या बरण्या दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून, त्या गरम असतानाच गरम जॅम भरावा आणि उघडलेल्या बरणीत प्रत्येक वेळी कोरडा चमचाच घालावा.