जुनी ऑटोमॅटिक तापल्यावर झटके देते, गिअरबॉक्स उतरवायच्या आधी काय तपासू?

प्रश्न थोडक्यात असा: धुळ्यात राहतो. २०१० ची आय-टेन ऑटोमॅटिक आहे, सव्वा लाख किलोमीटर झालेत. सकाळी चांगली चालते. दुपारी तापली की गिअर बदलताना झटका मारते, कधी एकाच गिअरमध्ये अडकते. गॅरेजवाला गिअरबॉक्स उतरवायचा म्हणतोय, तेवढे पैसे नाहीत. स्वतः काय तपासता येईल?

भाऊ, गिअरबॉक्स उतरवायला अजून हो म्हणू नका. मी भुसावळचा. माझ्याकडे हीच गाडी आहे आणि तीन उन्हाळ्यांपूर्वी मलाही हेच सांगितलं होतं. माझा गिअरबॉक्स आजवर उघडलेला नाही. बिघाड एका सेन्सरचा निघाला.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे "सकाळी चांगली, दुपारी खराब". आतल्या क्लच प्लेटा संपल्या असतील तर रेस वाढते, आवाज चढतो, पण गाडी ओढत नाही. तुम्ही तसं लिहिलेलं नाही. तुमची गाडी अडकतेय, आणि ते बरेचदा कंप्युटर मुद्दाम करतो. एखाद्या सेन्सरचा किंवा सोलेनॉइडचा (गिअर बदलण्यासाठी ऑइलची वाट उघड-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) सिग्नल त्याला पटला नाही की तो गाडी तिसऱ्या गिअरवर धरून ठेवतो, म्हणजे हळूहळू का होईना घर गाठता येतं. अडकल्यावर बाजूला घ्या, चावी बंद करा, मिनिटभराने परत लावा. थोडा वेळ नीट चालली तर शंका आधी वायरिंग, सेन्सर, सोलेनॉइडवर घ्या. आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा: गाडी किती चालल्यावर, कितव्या गिअरला, चढावर की सपाटीला. लळिंग घाटात होतं आणि गावात होत नाही, एवढं जरी कळलं तरी मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो.

मग गिअरबॉक्सचं ऑइल. हे नीट करा, कारण इथेच सगळे घाई करतात. दहा-पंधरा किलोमीटर चालवून या, सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालूच ठेवा. पायाने ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून एकेकदा फिरवा, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबा, शेवटी न्यूट्रलला आणा. आता गिअर ऑइलची दांडी काढून पुसा, परत पूर्ण घाला, काढा. पातळी "हॉट"च्या खुणांमध्ये हवी. पुसायला धागे न सुटणारं फडकं घ्या, आत गेलेला कापसाचा तंतूही त्रास देतो. (ही पद्धत या गाडीची. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून लगेच बघतात, म्हणून दुसऱ्या गाडीला आधी पुस्तिका बघा.)

दांडीवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर पाडा आणि उन्हात धरा. लाल आणि आरपार दिसणारा असेल तर उत्तम. माझा थेंब कोऱ्या चहासारखा होता, पण वास जळका नव्हता, म्हणजे ऑइल जुनं झालेलं, प्लेटा जळलेल्या नाहीत. काळा थेंब आणि करपल्याचा वास असेल तर प्रकरण गंभीर. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधून पाणी ऑइलमध्ये शिरतंय, तेव्हा गाडी अजिबात चालवू नका.

ऑइल कमी भरलं तर आधी गळती शोधा, मगच भरा. या गाडीला एसपी-३ दर्जाचं ऑइल लागतं, दुकानदार "सगळ्यांना चालतं" म्हणून देईल ते घेऊ नका. बदलायचं झालं तर गिअरबॉक्सच्या खालचा बोल्ट काढून जेवढं निघेल तेवढंच नवीन भरायचं. बरंच जुनं ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा ऑइलने भरलेला भाग) राहतं, म्हणून काही दिवसांनी हेच परत करायचं. मशिनने जोरात फ्लश करायच्या मी विरोधात आहे, निदान सव्वा लाख चाललेल्या डब्याला, म्हणजे गिअरबॉक्सला तरी.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करा. गिअर ऑइल रेडिएटरमध्येच थंड होतं. मेमध्ये पारा ४४ वर असतो, आणि कापसाच्या गाड्यांमागे चालून रेडिएटरच्या जाळीत धूळ-तंतू बसलेले असतात. इंजिन थंड असताना हलक्या पाण्याने जाळी धुवा. प्रेशर मारू नका, पाती वाकतात.

बॅटरीही बघाच. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १४. कमजोर बॅटरी किंवा गंजलेली अर्थिंग असली तर कंप्युटर भलतेच कोड, म्हणजे बिघाडाचे नंबर, दाखवतो. मग बोनेट उघडून, ब्रेक पूर्ण दाबून, कोणाला तरी लिव्हर आर (रिव्हर्स) आणि डी (ड्राइव्ह) करायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, समोर नको. इंजिन उसळी मारत असेल तर फाउंडेशन (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) तुटलंय, आणि झटका त्याचाच असू शकतो.

स्कॅनर शेवटी. ब्लूटूथचा साधा स्कॅनर हजाराच्या आत मिळतो, पण तो बहुधा इंजिनचेच कोड वाचतो. त्यात पी०७०० आला तर अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे तक्रार नोंदलेली आहे. नेमकी तक्रार वाचायला चांगल्या स्कॅनरवाल्याला पैसे द्या, आणि कोड पुसायच्या आधी नंबर लिहून घ्या. माझा पी०७१५ निघाला, म्हणजे गिअरबॉक्समध्ये येणारा वेग मोजणारा सेन्सर. आधी त्याचा कनेक्टर काढून साफ केला. दोन दिवसांनी तोच कोड परत आला, मग सेन्सर बदलला. मजुरीसकट अडीच हजारांच्या आत काम झालं. तुमचा पी०७५० किंवा त्याच्या लगेच पुढचा कुठला आला तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर तपासायला सांगा. त्यासाठीही बहुतेक वेळा पूर्ण डबा उतरवावा लागत नाही.

ऑइल काळं, वास करपलेला आणि रेस चढूनही गाडी ओढत नाही, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर मात्र गॅरेजवाला खरं बोलतोय. तेव्हाही आधी ऑइल पॅन उघडून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी लेप असतोच, धातूचे कपचे दिसले तर दुरुस्ती मोठी आहे.

आणि तपासण्या चालू असताना गाडी रस्त्यात पूर्ण बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणू नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरत नाही, आणि पुढची चाकं फिरत राहिली तर चांगला डबाही आतून जळतो. पुढची चाकं उचलून किंवा गाडी टेम्पोवर चढवूनच आणा. कोड निघाला की नंबर इथे लिहा, मी बघतो.