बिरु नव्हे, बीरु

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

जपानमध्ये कामाला जाण्याआधी इझाकायातल्या, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या अड्ड्यातल्या, गप्पांसाठी शंभर वाक्यं पाठ करायचा तुझा बेत कळला. यादी बाजूला ठेव. पंधराएक वाक्यं पुरतात, मात्र ती मोठ्याने म्हणून, संध्याकाळ जशी पुढे सरकते त्या क्रमाने बसवायला हवीत.

आधी उच्चार. रोमन अक्षरांवरून शिकू नकोस, त्यातला टी दिसला की जीभ ‘ट’कडे वळते. जपानी उच्चार आपल्या ‘त’, ‘द’च्या जवळचा आहे. ‘त्सु’ मराठी माणसाला आयताच मिळालाय: ‘चूक’मधला च. ‘चहा’मधला नव्हे. खरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. बीरु म्हणजे बियर, बिरु म्हणजे इमारत. ओबासान म्हणजे काकू-मावशी, ओबाआसान म्हणजे आजी. इथे चुकलास-चुकलीस तर समोरची बाई दुखावेल. दीर्घ स्वराला सरळ दोन टाळ्यांचा वेळ दे. ‘देसु’, म्हणजे ‘आहे’, यातला शेवटचा उ गिळायचा: देस्.

बसल्यावर पहिली फेरी बहुधा सगळ्यांची एकच असते: तोरिआएझु नामा, म्हणजे ‘तूर्तास ड्राफ्ट बियर’. मागवताना ‘नामा फुतात्सु ओनेगाइशिमास्’, दोन द्या. ग्लास मोजताना इप्पाइ, निहाइ, सान्बाइ आणि बाटल्या मोजताना इप्पोन, निहोन, सान्बोन असे आकडे बदलतात. त्यात अडकू नकोस, हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु (एक, दोन, तीन) यांवर सगळं भागतं. वेटरला हाक ‘सुमिमासेन्’ अशी. न मागवता आलेली छोटी वाटी म्हणजे ओतोओशी. ती फुकट नसते, बहुतेक ठिकाणी माणशी काही शे येन बिलात लागतात, म्हणून वाद घालू नकोस. तांदळाची दारू हवी असेल तर ‘निहोनशु’ म्हण. ‘साके’ म्हणजे कुठलीही दारू. ती ‘गो’च्या मापात मिळते, एक गो १८० मिली. गरम हवी तर आत्सुकान, थंड हवी तर रेइशु.

‘काम्पाइ’, म्हणजे ‘चिअर्स’, होईपर्यंत घोट घ्यायचा नाही. वरिष्ठाच्या ग्लासाला ग्लास लावताना आपली कड थोडी खाली. बाटली दोन्ही हातांनी धरून शेजाऱ्याला ओत आणि ‘दोओझो’, घ्या ना, म्हण. तो ओतेल तेव्हा ग्लास उचलून दोन्ही हातांनी धर. रिकामा ग्लास दिसला की भरणारच, तेव्हा थांबायचं असेल तर ग्लास भरलेलाच राहू दे. नाही म्हणायला ‘दाइजोओबु देस्’, सोबत तळहात किंचित वर. नुसता शब्द म्हटलास तर ‘चालेल’ असाही अर्थ होतो, म्हणून हाताची खूण महत्त्वाची. मुळात पीतच नसशील तर ‘ओसाके वा नोमेनाइ न् देस्’ म्हण आणि उलोंग चहा, म्हणजे उउरोन्चा, मागव. कारण सांगत बसू नकोस. (पिण्याचं कायदेशीर वय २० आहे, २०२२ मध्ये प्रौढत्वाचं वय १८ झालं तरी हे बदललं नाही.)

शाकाहारी असशील तर नुसतं ‘मांस नको’ पुरत नाही. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन्’, मांस आणि मासे खात नाही, असं सांग. तरी रश्श्याचं मूळ पाणी, ‘दाशी’, त्यात बहुतेकदा सुक्या माशांचा अर्क असतो. थंड टोफूवर, हियायाक्कोवर, बोनिटो माशाचे कागदासारखे काप टाकतात. ‘कात्सुओबुशी नाशी दे’ म्हटलं की वगळतात. एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या उकडलेल्या कोवळ्या शेंगा, हा त्यातल्या त्यात बिनघोर पदार्थ.

आता गप्पा. इथे बोलण्यापेक्षा हुंकार देणं जास्त कामाचं. समोरचा बोलत असताना मान डोलवत ‘हाइ’, ‘एए’ (दोन्ही ‘हो’), ‘सोओ देस् ने’ (‘खरंय ना’) हे पेरत राहा. आपण गप्प राहून लक्ष दिलं तर त्याला वाटतं ऐकत नाही. हा ‘ने’ आपल्या ‘ना’सारखा: ‘ओइशीइ देस् ने’, छान आहे ना! ‘नारुहोदो’, म्हणजे ‘अस्सं, पटलं’, वरिष्ठांपुढे नको, त्यांचं म्हणणं जोखल्यासारखं वाटतं. तुझ्या जपानीचं कौतुक झालं तर ‘इइए, मादामादा देस्’, छे, अजून कच्चंच आहे. पुढे ‘गोशुश्शिन् वा दोचिरा देस् का’, गाव कुठलं, असं विचार. गावावरून तिथल्या खाण्यापिण्यावर बोलणं सहज वळतं, आणि शब्दही तेच ते परत येतात. ‘आनाता’ हा ‘तुम्ही’ टाळ, नावाला ‘सान’ लाव. स्वतःच्या नावाला कधीच नाही.

बिल ‘ओकाइकेइ ओनेगाइशिमास्’. वाटून भरायचं तर वारिकान. कुणी ‘निजिकाइ’ म्हटलं तर ती दुसऱ्या ठिकाणची बैठक. शेवटची गाडी, शुउदेन्, किती वाजता आहे ते आधीच बघून ठेव. सायकलही चालवायची नाही, प्यायल्यावर तीही गुन्ह्यात येते.

दुसऱ्याने पैसे दिले तर निघताना ‘गोचिसोओसामा देशिता’, खाऊ-पिऊ घातल्याबद्दल आभार. दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाला बसण्याआधी, त्याच माणसाजवळ जाऊन ‘किनोओ वा आरिगातोओ गोझाइमाशिता’, कालबद्दल आभार.