वाचकांचे प्रश्न : व्हिसाची मुदत आणि मुक्कामाचे दिवस

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला असते. तिच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता जाणार आहोत. व्हिसाच्या स्टिकरवर ५ मे ते १७ ऑगस्ट अशी मुदत आहे, मुक्काम ९० दिवस आणि प्रवेशाच्या रकान्यात ‘मल्ट’ असे छापले आहे. आम्ही १० मे रोजी पोहोचतो. जावई म्हणतात, १७ ऑगस्टपर्यंत राहा. तिकीट काढून देणारे म्हणतात, ७ ऑगस्टला निघा. शिवाय गेल्या २० डिसेंबर ते ८ जानेवारी आम्ही तिच्याकडेच होतो. ते दिवस वजा होतील का?
— निवृत्त शिक्षिका, सदरबझार, सातारा

उत्तर : तिकीट काढून देणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. स्टिकरवरच्या दोन तारखा एवढेच सांगतात की, ५ मेच्या आधी शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या, जर्मनीसह युरोपातील देशांच्या गटात) प्रवेश नाही आणि १७ ऑगस्टनंतर तेथे राहता येणार नाही. त्या दरम्यान प्रत्यक्ष किती दिवस राहायचे, ते ९० या आकड्याने ठरते. दोन तारखांमध्ये दिवस भरतात १०५. हे वरचे १५ दिवस जाण्यायेण्याची तारीख पुढेमागे झाली तर अडचण नको म्हणून दिलेले असतात, राहण्यासाठी नव्हे. उतरण्याचा आणि निघण्याचा, असे दोन्ही दिवस मोजले जातात (रात्री अकराला उतरलात तरी पूर्ण दिवस धरतात), त्यामुळे मेचे २२, जूनचे ३०, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे ७ मिळून ९० होतात. याउलट निघणे लांबून तुम्ही २५ मे रोजी पोहोचलात, तर १७ ऑगस्टपर्यंत ८५च दिवस मिळतील आणि उरलेले ५ वाया जातील.

आता डिसेंबर-जानेवारीच्या २० दिवसांविषयी. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक मुक्काम होता कामा नये, असा नियम आहे. हे १८० दिवस वर्षाच्या दोन सहामाही पाडून मोजत नाहीत (शाळेत आयुष्य गेलेल्यांना तो मोह होणारच), तर तेथे असलेल्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून, मागे मोजतात. १० मेपासून मागे गेल्यास १२ नोव्हेंबर येतो, म्हणून त्या दिवशी तुमच्या नावावर जुने २० आणि नवा १ असे २१ दिवस लागतील. ७ जुलैला मात्र मोजणी ९ जानेवारीपासून सुरू होते. जुना मुक्काम पूर्णपणे गळून पडतो आणि मोजणीत नव्या मुक्कामाचे ५९ दिवसच उरतात. म्हणून ७ ऑगस्टचा हिशेब बिघडत नाही. तीच भेट मार्चमध्ये झाली असती, तर तेवढे दिवस आधी परतावे लागले असते.

मध्ये स्वित्झर्लंडला गेलात तरी ते दिवस ९० मध्येच धरले जातात, कारण तो देश शेंगेनमध्ये आहे. लंडनचे दिवस धरले जात नाहीत, पण तेथे ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. ‘मल्ट’ (म्हणजे एकाहून अधिक वेळा प्रवेश) असल्यामुळे तुम्हाला पुन्हा जर्मनीत येता येईल.

एखादा दिवस जास्त झाला तर कोण पाहतो, असे जावयांना वाटत असेल, तर १२ ऑक्टोबर २०२५पासून तेथे टप्प्याटप्प्याने शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, हे त्यांच्या कानावर घालावे. मुदतवाढ गंभीर आजारपणासारख्या कारणांसाठी, तीही व्हिसा संपण्यापूर्वी अर्ज केल्यासच मिळू शकते. बारसे उरकायचे आहे, हे कारण चालणार नाही.

प्रश्न : माझा अमेरिकेचा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा ३० नोव्हेंबरला संपतो. १५ ऑक्टोबरला मुलाकडे पोहोचलो, तर दीड महिन्यातच परतावे लागेल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नाही. नगरवाचनालयाची वर्गणी वर्षाची असली तरी पुस्तक परत करण्याची तारीख घेते वेळीच ठरते, तसे हे आहे. ३० नोव्हेंबर ही अमेरिकेच्या दारात उभे राहण्याची शेवटची तारीख आहे. राहण्याची मुदत विमानतळावरचे अधिकारी देतात, ती साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत असते आणि आय-९४ या नोंदीत लिहिली जाते. पोहोचल्यावर मुलाकडून ती नोंद संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि त्यावरील तारीख पाहूनच परतीचे तिकीट ठरवा, कारण ती तारीख उलटली की व्हिसा रद्द होतो. दहा वर्षांत पासपोर्ट बदलला असेल, तर व्हिसा असलेला जुना पासपोर्टही नव्यासोबत न्यावा लागेल.