समीकरणात पद दुसऱ्या बाजूला नेलं की चिन्ह का बदलतं?

खरं तर पद कुठेच जात नाही. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना आपण एकच क्रिया करतो आणि मधली ओळ लिहीत नाही, म्हणून ते पलीकडे उडी मारल्यासारखं दिसतं.

५क्ष − ७ = २क्ष + ८ हे घ्या. दोन्हीकडे ७ मिळवले: ५क्ष = २क्ष + १५. डावीकडचे −७ संपले, उजवीकडे ७ वाढले. यालाच आपण ‘चिन्ह बदललं’ म्हणतो. मग दोन्हीकडून २क्ष वजा केले की ३क्ष = १५.

घोळ होतो तो इथे. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ एवढंच पाठ असलेली मुलं ३ पलीकडे नेताना १५ ला −३ ने भागतात आणि −५ लिहून मोकळी होतात. पण ३ हा क्ष ला गुणलेला आहे, मिळवलेला नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना ३ ने भागायचं, चिन्हाला हात लावायचा नाही. क्ष = ५.

ताळा कराच, अर्धा मिनिट लागतो. ५ घातला तर डावीकडे २५ − ७ = १८, उजवीकडे १० + ८ = १८. −५ घातला तर −३२ आणि −२, म्हणजे चूक लगेच पकडली जाते.

जाता जाता: ‘अल्जिब्रा’ (बीजगणित) हा शब्द अरबी ‘अल-जब्र’वरून आला. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने तो वजा असलेलं पद दोन्हीकडे मिळवून भरून काढण्याच्या याच क्रियेसाठी वापरला होता.