पॉवर प्रेसला सेफ्टी लाइट कर्टन कोणता घ्यावा? १४ मिमी की ३० मिमी, आणि टाइप २ चालेल का?

लाइट कर्टन म्हणजे प्रेससमोर उभा केलेला प्रकाशकिरणांचा पडदा; त्यात हात गेला की तो प्रेस थांबवायचा सिग्नल देतो. १४ किंवा ३० मिमी हे त्याचं रिझोल्यूशन, म्हणजे त्याला हमखास दिसणाऱ्या सर्वांत लहान वस्तूची जाडी. १४ की ३० हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी प्रेसपाशी जा आणि क्लच (फिरतं चाक रॅमला, म्हणजे प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाला, जोडणारी यंत्रणा) कोणता आहे ते बघा. जुन्या पद्धतीचा पिन क्लच किंवा रोलिंग की क्लच असेल तर कितीही महागाचा कर्टन घेतलात तरी उपयोग नाही. एकदा ती पिन किंवा की गुंतली की रॅम पूर्ण फेरी मारूनच वर येतो, मध्येच थांबवायची सोयच नसते. कर्टनला हात दिसेल, तो आपला आउटपुट तोडून थांबायचा सिग्नलही देईल, आणि रॅम तरीही खाली येईल. अशा प्रेसला डायभोवती (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याभोवती) बोट शिरणार नाही असा पक्का गार्ड लावा. न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लच आणि ब्रेक असेल, किंवा प्रेस हायड्रॉलिक असेल, तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

कर्टन निवडताना सगळ्यात महत्त्वाचा आकडा कॅटलॉगमध्ये नसतो, तो तुमच्या मशीनमध्ये असतो: थांबायचा सिग्नल मिळाल्यापासून रॅम खरोखर थांबेपर्यंत लागणारा वेळ. तो स्टॉप टाइम मीटरने मोजून घ्या. मशीन तापलेलं असताना, सर्वांत जड डाय लावून, रॅम वेगाने खाली येत असताना मोजा. दहा-बारा वेळा मोजा आणि त्यातला सर्वांत वाईट आकडा धरा, सरासरी नको. मॅन्युअलमधला आकडा नव्या ब्रेकचा असतो.

आता कर्टन डायपासून किती लांब बसवायचा ते अंतर. आयएसओ १३८५५ या मानकात हाताचा वेग सेकंदाला २,००० मिमी धरतात. त्याला एकूण वेळेने गुणायचं आणि ४० मिमीपर्यंतच्या रिझोल्यूशनसाठी त्यात (रिझोल्यूशन वजा १४) गुणिले ८ एवढं जादा अंतर मिळवायचं. समजा कर्टनला १५ मिलिसेकंद, सेफ्टी रिलेला (कर्टनचा सिग्नल घेऊन प्रेस थांबवणाऱ्या उपकरणाला) २० आणि प्रेसला थांबायला १६५ लागतात. एकूण २००. मग १४ मिमीच्या कर्टनला ०.२ गुणिले २,००० म्हणजे ४०० मिमी अंतर लागेल. ३० मिमीच्या कर्टनला त्यात १२८ मिळवून ५२८ येतात. उत्तर ५०० च्या वर गेलं की १,६०० चा वेग धरून पुन्हा गणित करता येतं. इथे ते ४४८ येतं, पण ५०० च्या खाली उतरायची परवानगी नाही. म्हणून ५०० मिमी. थोडक्यात, ऑपरेटर हाताने पत्रा भरत असेल आणि त्याला डायच्या जवळ राहायचं असेल तर १४ घ्या. मागे जागा भरपूर असेल, तर ३० सुद्धा चालतो.

ब्रेकची लायनिंग झिजून प्रेसचा वेळ १६५ वरून २१५ झाला, तर त्याच १४ मिमीच्या कर्टनला ४०० ऐवजी ५०० मिमी लागतात. कर्टन मात्र होता तिथेच असतो, आणि त्याचा दिवाही हिरवाच असतो. म्हणून बसवतानाच थोडं जास्त अंतर ठेवा आणि वेळ ठरावीक काळाने पुन्हा मोजा.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका ठिकाणी बसवून झालेला कर्टन तपासायला गेलो होतो. वायरिंग नीट, कर्टन चांगल्या प्रतीचा. लाकडी पट्टी हाताच्या वेगाने आत सारली. रॅम थांबला, पण पट्टीचं टोक चेपल्यावर. कर्टन डायपासून जेमतेम वीतभर लांब होता. त्या प्रेसवर रोज बसणारा ऑपरेटर माझ्या शेजारीच उभा होता. त्याने ती पट्टी हातात घेतली, चेपलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि काही बोलला नाही.

टाइप २ आणि टाइप ४ हे कर्टनचे सुरक्षेचे दर्जे आहेत. टाइप २ प्रेसवर नको. त्याची स्वतःची तपासणी ठरावीक अंतराने होते; दोन तपासण्यांच्या मध्ये बिघाड झाला तर तोवर तो लपून राहू शकतो. टाइप ४ मध्ये एक बिघाड झाला तरी संरक्षण जात नाही. शिवाय त्याच्या किरणांचा कोन अरुंद असतो, त्यामुळे जवळच्या चकचकीत पत्र्यावरून प्रकाश परावर्तित होऊन हात 'न दिसण्याची' शक्यता कमी होते. बोटं जाण्याचा धोका जिथे आहे तिथे पैसे इथे वाचवू नका.

उंची ठरवताना वरून, खालून आणि बाजूने हात घालून बघा. कर्टन आणि डाय यांच्यामध्ये माणूस उभा राहील एवढी जागा उरली, तर ती जाळीने किंवा आडव्या कर्टनने बंद करा. रीसेटचं बटण आतून हाताला लागणार नाही, पण तिथून आतलं सगळं दिसेल असं बसवा. दोन्ही आउटपुट सेफ्टी रिलेमध्येच न्या, साध्या पीएलसीमध्ये (मशीन चालवणाऱ्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये) नाही. पत्रा आडवा येतो म्हणून काही किरण सोडून द्यायची सोय वापरलीत, तर १४ चा कर्टन १४ चा राहत नाही. अंतर नव्याने काढावं लागेल. आणि डाय फुटून तुकडा उडाला तर कर्टन तो अडवत नाही, त्यासाठी वेगळा गार्ड हवाच.

कर्टनबरोबर मिळणारी टेस्टची कांडी प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला दोन्ही टोकांजवळ आणि मध्यभागी, वरपासून खालपर्यंत फिरवा. पूर्ण वेळ दिवा लाल राहिला पाहिजे.

क्लच कोणता ते आणि थांबण्याचा मोजलेला वेळ इथे लिहा, अंतराचं गणित मी करून देतो.