घरचं सोयाबीन गोठ्यात घालण्याआधी

प्रश्न (औसा, जि. लातूर): भाव नाही म्हणून घरचं सोयाबीन कच्चंच भरडून दुभत्या गाईला रोज दोन किलो घालतोय. दुधात वाढ नाही, शेण मात्र पातळ पडतंय. कोंबडीच्या पिल्लांनाही तेच टाकतो, ती खुरटलीत. सोयाबीनमध्ये प्रथिनं भरपूर असतात ना?

उत्तर: असतात, दाण्याच्या वजनाच्या 36 ते 40 टक्के. पण कोंबडीच्या पिसातही 80 टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात, ती कुणाला पचत नाहीत. किती आहेत यापेक्षा अंगी किती लागतात ते बघायचं.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन अवरोधक असतो. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं तोडणारा पाचक रस. हा अवरोधक त्यालाच धरून ठेवतो. मग जास्त रस सोडून सोडून पिल्लाचं स्वादुपिंड मोठं होतं आणि वाढ खुंटते. पिल्लांचं कच्चं सोयाबीन आजच बंद करा. लहान वासरांनाही देऊ नका, त्यांचं कोटीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पोटाचा मोठा कप्पा, अजून तयार झालेलं नसतं.

मोठ्या गाईचं वेगळं. तिच्या कोटीपोटातले जंतू अवरोधक बराचसा मोडतात, पण कच्चं प्रथिनही तितक्याच झपाट्याने तोडतात. त्याचा अमोनिया होतो आणि जास्तीचा लघवीवाटे निघून जातो. म्हणजे तुमचं सोयाबीन गव्हाणीतून थेट गटारात. शिवाय दोन किलो दाण्यात साडेतीनशे-चारशे ग्रॅम तेल असतं. एवढं तेल एकदम गेलं की चारा पचवणाऱ्या जंतूंचं काम बिघडतं. शेण पातळ होण्याचं कारण बहुधा हेच.

सोयाबीन भाजून द्या. फुटाण्याच्या भट्टीत गरम वाळूवर भाजलेलं सगळ्यात चांगलं. दाणा फोडून बघा: आतून बदामी दिसला आणि भाजल्या शेंगदाण्यासारखा वास आला की झालं. करपवू नका, काळ्या दाण्यातलं लायसीन, म्हणजे प्रथिनाचा एक गरजेचा घटक, साखरेशी बांधलं जातं आणि पचत नाही. भाजलंय की नाही याची शंका असेल तर मूठभर भरड्यात चमचाभर युरिया आणि कोमट पाणी घालून बाटली बुचाने बंद करा. वीस-पंचवीस मिनिटांनी बूच काढल्यावर नाकाला झोंबणारा वास आला तर माल कच्चा आहे. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज नावाचं विकर युरियाचा अमोनिया करतं, त्याचाच हा वास. चाचणीचा भरडा फेकून द्या, गव्हाणीत नको.

याच कारणाने युरिया प्रक्रियेचा कडबा आणि कच्चं सोयाबीन एकत्र कधीही घालू नका. विषबाधा होऊन जनावर दगावू शकतं.

गाईला सुरुवात शंभर ग्रॅमने करा, आठवडाभरात अर्ध्या किलोवर या. एक किलोच्या वर जाऊ नका. भरडा आठ दिवसांपुरताच काढा, तेलामुळे तो खवट होतो. पावसात भिजून बुरशी लागलेला माल भाजूनही चालत नाही. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष उष्णतेने जात नाही आणि दुधात उतरतं.

कोंबड्यांना भाजलेलं सोयाबीनही एकटं देऊ नका. डाळवर्गात लायसीन चांगलं पण मिथिओनिन हा प्रथिनाचा दुसरा घटक कमी. ज्वारी-मका त्याच्या उलट, म्हणून दोन्ही मिसळा. तुरीच्या चुनीतही अवरोधक असतो, पण सोयाबीनपेक्षा बराच कमी. गाईला ती बिनधास्त चालते.

खर्चाचं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे: चांगला दाणा विका आणि पेंड आणा. तेल काढताना ती तापलेलीच असते आणि तिच्यात प्रथिनं 44 टक्क्यांच्या पुढे. गोठ्यात फक्त फुटका, पण कोरडा माल घाला.

आणि मळणीच्या दिवसांत शेळ्या राशीपासून लांब बांधा. सुटलेली शेळी कच्च्या राशीवर ताव मारून फुगली तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.